हृदय धडधडतंय, पण बलकावर मोठ्या रक्तवाहिन्या का उमटत नाहीत?

उबवणी२१

कोंबडीची फलित अंडी, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. ४० तासांनी कवचाला खिडकी पाडली, पारदर्शक टेपने बंद केली आणि ६४ तासांनी पुन्हा उघडून पाहिलं. १२ अंड्यांपैकी ७ मध्ये पुस्तकात असतं तसंच चित्र आहे: भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेल्या जाड रक्तवाहिन्या आणि कडेने बारीक लाल कडं. ३ मध्ये हृदय चालू आहे, पण बाहेर नुसतं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं आहे. त्यात लाल ठिपके जागच्या जागी पडून आहेत आणि जाड वाहिनी एकही नाही. उरलेल्या २ मध्ये कडेला जाड लाल वळं आहे आणि आतला भाग फिकट, मोकळा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जाळं आधी बनतं आणि मोठ्या वाहिन्या नंतर, हे खरं का? असेल तर त्या ३ अंड्यांत गाडी कुठे अडली? आणि जिवंत भ्रूणात रोहिणी कोणती, नीला कोणती, हे रंग न घालता कसं ओळखायचं?

मेसोडर्म

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. जाळं हृदयाच्या आधी तयार होतं, निदान त्याचा कच्चा आराखडा तरी. त्यामुळे जाळं दिसणं हा रक्ताभिसरण चालू असल्याचा पुरावा नाही.

भ्रूणाच्या मधल्या पारदर्शक भागाभोवती जो अपारदर्शक पट्टा असतो, त्यातल्या मेसोडर्मच्या (भ्रूणाच्या मधल्या थराच्या) पेशी पहिला दिवस संपता संपता गुठळ्या करायला लागतात. याच त्या रक्तबेटं. पँडरने १८१७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावर काम करताना ती नोंदवली होती. सुरुवात मागच्या बाजूने होते, चंद्रकोरीच्या आकारात, आणि मग दोन्ही बाजूंनी ती पुढे सरकते. बेटाच्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन एंडोथेलियम, म्हणजे वाहिनीचं आतलं अस्तर, बनतात, आतल्या सुट्या होऊन रक्तपेशी. शेजारची बेटं एकमेकांना जोडली गेली की सलग जाळं तयार होतं. या टप्प्यात सगळ्या नळ्या साधारण सारख्याच जाडीच्या असतात आणि मध्ये मेसोडर्मचे लहान लहान खांब उरतात. पोळ्यासारखं दिसतं ते यामुळे.

पेशींना हा रस्ता धरायला लावणारा मुख्य संदेश व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा. तो ओळखणारा रिसेप्टर, व्हीईजीएफआर-२, या पेशींवर बेटं दिसण्याच्या आधीपासून असतो. खालचा थर, एंडोडर्म, काढून टाकला की वाहिन्यांची बांधणी बिघडते, कारण संदेशाचा मोठा वाटा तिथून येतो.

आता वेळापत्रक, पण ते तासांत नाही, सोमाइटच्या जोड्यांत मोजा. सोमाइट म्हणजे मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना दिसणारे ठोकळे. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये ठरवलेले ४६ टप्पे आजही वापरात आहेत, ते याचसाठी. १० जोड्यांच्या सुमाराला, म्हणजे टप्पा १० ला, ३३ ते ३८ तासांनी हृदय आकसायला लागतं. सुरुवातीचे ठोके अनियमित असतात आणि पुढे काहीच ढकलत नाहीत. रक्त खऱ्या अर्थाने फिरायला लागतं ते १६ जोड्यांच्या आसपास, ४५ ते ४९ तासांनी. मधल्या काळात नळ्यांमधून आधी नुसता द्रव हलतो. लाल पेशी अजून बेटांत चिकटून असतात आणि हळूहळू सुटून प्रवाहात येतात.

हृदयाचा ठोका आणि रक्ताभिसरण या दोन वेगळ्या घटना आहेत. वर्तुळ पूर्ण होण्यासाठी पाठीकडच्या महारोहिण्या जाळ्याला दोन्ही बाजूंनी जोडल्या जाव्या लागतात आणि पुढून येणाऱ्या नीला हृदयाच्या मागच्या टोकाला. यातलं एक जरी टोक तुटलं, तर हृदय ठोके देत राहतं आणि जाळं पोळ्यासारखंच राहतं.

तुमच्या ३ अंड्यांत आधी सोमाइट मोजा. ६४ तासांनी ३० च्या आसपास जोड्या हव्यात. १२ ते १५ च निघाल्या तर भ्रूण मागे पडलाय, बिघडलेला नाही, आणि त्याचं जाळं त्याच्या वयाला साजेसं आहे. जोड्या २५ च्या वर आणि जाळं तरीही पोळ्यासारखं, तर प्रवाह कुठेतरी तुटलाय.

मोठ्या वाहिन्या या प्रवाहातूनच कोरल्या जातात. ज्या वाटेने जास्त रक्त जातं ती रुंदावते, ज्या वाटेला ओघ कमी ती आक्रसते आणि बंद होते. हा नियम रिचर्ड थोमाने १८९३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या याच जाळ्यावरून मांडला. प्रवाह नाही, तर मोठी वाहिनी नाही.

खिडकीकार

सोमाइट मोजण्याबद्दल पूर्ण सहमत. त्यापुढे, खिडकी पाडताना प्रवाह कुठे तुटतो ते लिहितो.

पांढरा काढताना. अंडं आडवं ठेवून निदान अर्धा तास स्थिर राहू द्या, म्हणजे भ्रूण वर येतो. बोथट टोकाला छिद्र पाडून १८ गेजची सुई खाली तिरकी घाला, टोक कवचाच्या तळाला लागेल अशी, आणि ३ ते ५ मिलिलिटर पांढरा सावकाश ओढा. सुई आडवी घातली तर बलकाचा पडदा फाटतो. पांढरा कमी काढला तर याहून वाईट होतं: भ्रूण कवचाला टेकलेला असतो आणि कात्री थेट रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रावरून फिरते. कापण्याआधी वरच्या बाजूला टेप लावा, नाहीतर कवचाचा चुरा आत पडतो.

शाईने. भ्रूण उठून दिसावा म्हणून खाली इंडिया इंक सोडतात. ती रिंगर द्रावणात (शरीरद्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात) १० पट पातळ केलेली हवी आणि तिच्यात शेलॅक किंवा फिनॉल नको. फिनॉलची शाई वापरली तर हृदय काही वेळात मंदावतं. सुई क्षेत्राच्या बाहेरून, जवळपास आडवी, पडद्याच्या लगेच खाली जावी. कडेच्या गोल वाहिनीतून भोक पडलं तर आज काही दिसत नाही. प्रवाह सुरू झाला की रक्त तिथून बलकात झिरपतं, दाब टिकत नाही आणि जाळं रुंदावत नाही. सुईतून हवेचा बुडबुडा गेला तर तो नेमका भ्रूणाखाली जाऊन बसतो, म्हणून टोचण्याआधी सुई शाईने काठोकाठ भरून घ्या.

सुकणं. टेपची एक कड नीट बसली नाही तर २४ तासांत पडदा सुकून ताणला जातो. बंद करण्याआधी ३७ अंशांचं रिंगर २-३ थेंब सोडा. थंड रिंगर नको, ठोके तिथल्या तिथे मंदावतात. एक लिटर हॉवर्ड रिंगरला सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२३ ग्रॅम लागतं. बाटलीवर निर्जल कॅल्शियम क्लोराइड लिहिलं असेल तर ०.१७ ग्रॅमच घ्या.

तापमान अंड्याच्या उंचीवर मोजा. पंखा नसलेल्या यंत्रात वर आणि खाली चांगला फरक पडतो. थंड जागेत साठवलेली अंडी थेट आत ठेवली तर पहिले काही तास गरम होण्यातच जातात, आणि तुमचं घड्याळ मात्र चालू झालेलं असतं. ७ दिवसांपेक्षा जास्त साठवलेली अंडी मागे पडतातच.

कडेला जाड वळं असलेली ती २ अंडी मेलेली आहेत. भ्रूण मेला की रक्त क्षेत्राच्या कडेच्या गोल वाहिनीत, म्हणजे सायनस टर्मिनॅलिसमध्ये, साचतं आणि मधलं जाळं रिकामं होतं. उजेडासमोर धरून तपासतानाही हेच रक्ताचं वळं दिसतं. जिवंत अंड्यातही ते कडं असतं, पण बारीक, आणि आतल्या फांद्यांशी जोडलेलं.

उबवणी२१

मोजले. ३ पैकी एकात १४ जोड्या, म्हणजे नुसता उशीर. दुसऱ्यात २७ आणि तिसऱ्यात २८. या दोन्हींत उजवीकडे कडेजवळ शाईच्या सुईची खूण आहे. दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला. रोहिणी आणि नीला ओळखण्याचं राहिलंय.

केशवाहिनी

रंगावर जाऊ नका. शाळेत शिकलेला 'रोहिणी लाल, नीला निळसर' हा हिशेब इथे उलटा होतो. भ्रूणाला प्राणवायू फुप्फुसातून मिळत नाही. सुरुवातीला तो बलकावरच्या जाळ्यातून मिळतो आणि नंतर कवचाला चिकटलेल्या कोरिओअॅलॅन्टॉइक पडद्यातून. म्हणजे भ्रूणाकडे परतणाऱ्या नीलेत प्राणवायू जास्त आणि बाहेर जाणाऱ्या रोहिणीत कमी. १० व्या दिवसानंतर या पडद्यावर हे स्वच्छ दिसतं: तेजस्वी लाल दिसते ती नीला, काळपट दिसते ती रोहिणी. ६४ तासांना रंगातला फरक पुरेसा नसतो.

त्या वयात जागा पाहा. दोन व्हिटेलाइन, म्हणजे बलकाकडे जाणाऱ्या, रोहिण्या भ्रूणाच्या अंगातून, मधल्या भागाच्या थोडं मागून, डावी-उजवीकडे जवळपास काटकोनात बाहेर पडतात. नीला डोक्याच्या बाजूने येतात. कडेच्या गोल वाहिनीत जमलेलं रक्त पुढच्या नीलांमधून हृदयाकडे परततं, आणि मागून येणारी नीलाही असते.

मग दिशा पाहा. सूक्ष्मदर्शकाच्या १० पटीच्या भिंगाखाली एक फांदी निवडा आणि तिच्या दुभागाजवळ नजर ठेवा. रोहिणीत रक्तपेशी खोडाकडून फांद्यांकडे जातात, ठोक्यागणिक झटक्याने पुढे सरकतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर अडखळतात. नीलेत त्या फांद्यांकडून खोडाकडे एकसारख्या वाहत येतात. दुभागाच्या टोकाला एखादी पेशी आपटून क्षणभर चिकटून मग एका बाजूला घसरताना दिसली, तर ती जागा रोहिणीतली. दोन नीलांच्या संगमावर पेशींचे दोन पट्टे बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत.

६५ तासांनंतर एक मजेची गोष्ट पाहायला मिळते. नीला रोहिणीच्या शेजारी, काही ठिकाणी तिच्यावरून आडवी जाताना दिसते. सुरुवातीचं जाळं तर एकाच पातळीत होतं, मग ही दुसरी पातळी कुठून आली? रोहिणी रुंदावत असताना तिच्या तोंडाशी असलेल्या बारीक आडव्या फांद्यांमधला ओघ कमी होतो आणि त्या रोहिणीपासून सुटतात. सुटलेली टोकं वाया जात नाहीत, ती पुन्हा नीलेच्या बाजूला जोडली जातात. नीलेचा बराच भाग अशा सुटलेल्या तुकड्यांतून उभा राहतो.

मेसोडर्म

उत्तम वर्णन. माझ्या आधीच्या उत्तरात एक दुरुस्ती करतो, कारण 'सगळं प्रवाह ठरवतो' असा अर्थ त्यातून निघू शकतो आणि तो बरोबर नाही.

प्रवाह सुरू होण्याच्या आधीच जाळ्याच्या मागच्या भागातल्या पेशींवर एफ्रिन-बी२ आणि न्यूरोपिलिन-१ ही प्रथिनं, म्हणजे रोहिणीच्या खुणा, सापडतात. म्हणजे पेशींचा कल आधीपासून असतो. पण तो कल पक्का नसतो. ल नोबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एका बाजूची व्हिटेलाइन रोहिणी खालून उचलून तिचा प्रवाह अडवला. पलीकडच्या भागात रक्त उलट दिशेने यायला लागलं, तिथल्या रोहिणीच्या खुणा विझल्या, नीलेच्या उमटल्या आणि ती वाहिनी नीला म्हणून वागायला लागली. अडथळा काढल्यावर ती परत रोहिणी होऊ शकते. म्हणून मी असं म्हणेन: रेखाटन पेशींचं, कोरीवकाम प्रवाहाचं, आणि कोरीवकामात रेखाटन पुसण्याइतका जोर असतो.

तुमच्या २७ आणि २८ जोड्यांच्या भ्रूणांत याच कारणाने 'मोठी वाहिनी एकही नाही' असं दिसतं. त्यांच्या पेशींत बहुधा काही दोष नाही, त्यांना प्रवाह मिळाला नाही.

आणि हे सगळं बलकावरच्या जाळ्याबद्दल झालं. भ्रूणाच्या आतल्या वाहिन्या वेगळ्या पेशींपासून येतात. लावे आणि कोंबडी यांच्या पेशी एकत्र लावून बनवलेल्या मिश्र भ्रूणांतून हे कळलं. निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवलं की लाव्याच्या पेशींचं केंद्रक वेगळं ओळखू येतं, त्यामुळे एका पक्ष्याच्या पेशी दुसऱ्यात लावून त्या कुठे जातात हे शोधता येतं. पुढे डिएतेर्लँ-लिएव्र यांनी १९७५ मध्ये लाव्याचा भ्रूण कोंबडीच्या बलकावर वाढवला. मोठेपणी टिकणाऱ्या रक्तपेशींचा उगम भ्रूणाच्या आत आहे, बलकावर नाही, हे त्यातून सिद्ध झालं. तो उगम महारोहिणीच्या पोटाकडच्या भिंतीत. तिसऱ्या दिवशी तिथे पेशींचे घोस आतल्या पोकळीत लोंबताना दिसतात. रक्तबेटांतल्या लाल पेशी पहिल्या गरजेपुरत्या असतात.

खिडकीकार

खिडकीच्या अंड्यात चौथ्या दिवसापुढे जायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. अंडी फिरवता येत नाहीत, आणि ३ ते ७ दिवसांत न फिरवलेल्या अंड्यांत रक्तवाहिन्यांचं क्षेत्र बलकावर कमी पसरतं. म्हणून आकारमानाची तुलना करायची तर बिनखिडकीच्या, फिरवलेल्या अंड्यांशी करू नका. तुलनेचा गटही खिडकी पाडलेलाच हवा, शाई टोचलेला आणि न टोचलेला असा वेगळा.

पहिल्याच दिवशी खिडकी पाडणं टाळा. तेवढ्या लवकर उघडलेल्या अंड्यांत नुसत्या उघडण्याने विकृती आणि मृत्यू वाढतात.

उबवणी२१

शेवटचं. रक्तबेटं जोडली जाऊन जाळं बनताना सलग पाहायचं आहे. खिडकीतून उजेड खालून देता येत नाही. कवचाबाहेर काढून वाढवलेल्या भ्रूणात हे होतं का?

केशवाहिनी

होतं, आणि या कामाला तीच पद्धत योग्य. २००१ मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली गाळणकागदाची पद्धत वापरा. लिटरला ७.२ ग्रॅम मिठाच्या पाण्यात ०.६ टक्के अगार उकळा, ४९ अंशांपर्यंत निवू द्या आणि तेवढाच पातळ पांढरा मिसळून ३५ मिलिमीटरच्या बशीत २.५ मिलिलिटर ओता. अगार जास्त गरम असताना मिसळलं तर पांढरा गोठून दाणे पडतात आणि खालून येणारा उजेड विखुरतो.

गाळणकागदाच्या चौकोनाला मध्ये भोक पाडून तो बलकावर असा ठेवा की भ्रूण भोकाच्या मधोमध येईल. कागदाच्या कडेने पडदा चारही बाजूंनी कापा आणि कागद तिरका सरकवत उचला, सरळ वर ओढू नका. खालचा बलक रिंगरच्या हलक्या धारेने धुवा. मग पोट वर ठेवून अगारवर टेकवा. पडद्याचा ताण कागदाने टिकतो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा: पडदा सैल पडला तर हृदयाच्या दोन बाजू मध्यावर जुळत नाहीत आणि तुम्ही पुन्हा प्रवाह नसलेलं जाळं पाहत बसता.

पारदर्शक भाग नीट दिसणारा, ४ ते ६ सोमाइटचा भ्रूण घ्या. बशी ओल्या डब्यात, ३७ ते ३८ अंशांवर. झाकणावर बाष्प धरतं म्हणून झाकण बशीपेक्षा किंचित गरम ठेवावं लागतं. दर ५ मिनिटांनी एक चित्र पुरतं. मागच्या चंद्रकोरीवर कॅमेरा लावा, पुढे बेटं उशिरा येतात. पहिल्या ठोक्यानंतर मात्र अंतर कमी करा. एखादी लाल पेशी बेटाच्या कडेला पुढे-मागे हलत राहते, तिथल्या तिथे, आणि मग एका ठोक्याला सुटून निघून जाते. ५ मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत ही घटना सापडत नाही, सेकंदाला निदान १० चित्रं लागतात.

या बशीत भ्रूण टप्पा १७ च्या आसपास पोचतो, त्यापुढे नेऊ नका. मोठ्या वाहिन्यांची फेरबांधणी नंतरही चालू असते. ती पाहायला पुन्हा अंड्यात किंवा ७ व्या दिवसापासून कोरिओअॅलॅन्टॉइक पडद्यावर या. तिथे एक वेगळाच प्रकार दिसेल. ५ ते ७ दिवसांत केशवाहिन्यांना कोंब फुटतात; ८ ते १२ दिवसांत कोंब कमी होतात आणि वाहिनीच्या समोरासमोरच्या भिंती आत वळून मध्ये खांब उभा करतात. एका नळीच्या दोन होतात, तेही प्रवाह चालू असताना आणि फारशा नव्या पेशी न लागता. सूक्ष्मदर्शकाखाली तो खांब लाल प्रवाहाच्या मधोमध एका बारीक फिकट ठिपक्यासारखा दिसतो. तो बुडबुडा समजून फोकस बदलू नका.